पडद्यावरचा लाल, कागदावरचा लाल

शव्वाल लागला की आपल्या परभणी जिल्ह्यात लग्नांची रीघ लागते. जिंतूर, सेलू, पाथरी, गंगाखेड, कुठेही विचारा, शादीखान्याची तारीख मिळत नाही. लग्नं उरकली की पुढचे दोन महिने अल्बमचे. फोटोग्राफर लग्नातले दीड-दोन हजार फोटो डिझाइन करणाऱ्याकडे आणून टाकतो. त्यातले निवडायचे, रंग सुधारायचे, पानं मांडायची आणि लॅबला पाठवायची. आमची एक भाची घरी बसून हेच काम करते. वडील गेल्यापासून दोन धाकट्या भावांची फी याच कामातून निघते. म्हणून या महिन्यात आम्ही जे लिहितो आहोत ते यंत्राबद्दल असलं, तरी आमच्यासाठी ती घराच्या चुलीची गोष्ट आहे.

झालं असं. तिने ३० शीटचा एक अल्बम छापून घेतला. बारा बाय छत्तीस इंचांची मोठी शीटं, चांगला कागद. अल्बम उघडला आणि मुलीच्या अम्मीचा चेहरा पडला. नवरीच्या लाल खड्या दुपट्ट्याचा नुसता लाल गोळा झालेला, त्यावरची जर कुठे दिसेना. चेहरे काळवंडलेले. आणि नवऱ्या मुलाचा पांढराशुभ्र कुर्ता असा पिवळट, की जणू पेटीत वर्षभर ठेवून काढला. त्या माऊली रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, ‘बेटा, माझ्या मुलीचा जोडा असा नव्हता.’

भाचीने अल्बम परत घेतला. पुन्हा छापायचे साडेचार हजार. तिला एका अल्बमच्या डिझाइनचे बाराशे मिळतात, म्हणजे जवळजवळ चार अल्बमची मजुरी गेली. त्या रात्री ती आमच्याकडे आली आणि म्हणाली, ‘मामू, हे काम मी सोडते. माझ्या लॅपटॉपवर सगळं बरोबर दिसत होतं हो.’

आम्हीही तिच्यासारखाच विचार केला. पडद्यावर बरोबर होतं, म्हणजे लॅबने बिघडवलं. दुसऱ्या दिवशी तावातावाने लॅबमध्ये गेलो. तिथल्या ऑपरेटरने शांतपणे ऐकलं, तीच फाइल आपल्या मॉनिटरवर उघडली आणि छापलेलं शीट पडद्याच्या बाजूला धरलं. त्याच्या पडद्यावरही जोडा लाल गोळाच होता, चेहरे काळे होते, कुर्ता पिवळा होता. छपाई फाइलप्रमाणेच झाली होती. ‘फाइल अशीच आली, साहेब,’ तो म्हणाला. आम्ही त्याची माफी मागितली आणि चहा पिऊन परत आलो.

चूक लॅपटॉपच्या पडद्याची होती. ती कशी, हे समजून घ्यायला आम्हाला पंधरा दिवस लागले. वाचकांपैकी कोणाच्या घरी फोटोचं काम चालत असेल किंवा कोणी नवीन सुरू करणार असेल, तर त्यांचे पंधरा दिवस आणि साडेचार हजार वाचावेत म्हणून ते इथे मांडतो.

पहिली गोष्ट अशी की पडदा स्वतः उजेड देतो, कागद देत नाही. कागद फक्त खोलीतला उजेड परत फेकतो. लॅपटॉपचा उजेड पूर्ण वाढवून बसलं की फोटोतला सावलीतला चेहराही उजळ दिसतो. आपल्याला वाटतं ठीक आहे, आणि आपण तसाच पाठवतो. कागदावर तो चेहरा अंधारात जातो. उजेड मोजण्याचं एकक निट्स. बाजारात येणारे मॉनिटर पूर्ण उजेडावर साधारण २५० ते ३५० निट्स देतात. छपाईसाठी फोटो सुधारायचे, तर ८० ते १२० निट्स पुरतात. म्हणजे आपण गरजेच्या दुपटी-तिपटीने उजेड लावून बसलेलो असतो. चेहरे काळे का आले, याचं हे उत्तर.

दुसरी गोष्ट रंगांच्या आवाक्याची. प्रत्येक पडदा ठरावीक रंगच दाखवू शकतो. नेहमीच्या वापरासाठी एक ठरलेलं माप आहे, एसआरजीबी. ते १९९६ मध्ये एचपी आणि मायक्रोसॉफ्ट या कंपन्यांनी मिळून मांडलं आणि बहुतेक लॅब आजही त्याच मापातली जेपीजी फाइल मागतात. स्वस्त लॅपटॉपच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरात ‘४५ टक्के एनटीएससी’ असं लिहिलेलं असतं. ते वेगळं, जुनं माप आहे. त्याचा अर्थ एवढाच की असा पडदा एसआरजीबीतले सुमारे दोन तृतीयांश रंगसुद्धा दाखवत नाही. भाचीच्या लॅपटॉपचं हेच होतं. जोड्याचा गडद लाल त्या पडद्याला दाखवताच येत नव्हता. तिला तो फिका दिसला, म्हणून तिने लाल वाढवला. पडद्यावर फरक दिसेना, तेव्हा आणखी वाढवला. फाइलमध्ये मात्र तो वाढत गेला. कागदावर सगळा लाल एकाच टोकाला जाऊन चिकटला आणि जरीची नक्षी त्यात बुडाली.

तिसरी गोष्ट पांढऱ्याची. तिच्या पडद्याचा पांढरा निळसर होता. रोज पाहून डोळ्याला त्याची सवय होते. कुर्ता निळा वाटला म्हणून तिने थोडा पिवळेपणा चढवला. पडद्याचा निळा आणि तिचा पिवळा मिळून तिला पांढरा दिसला. कागदावर पडद्याचा निळा नव्हता, फक्त तिचा पिवळा उतरला.

हे कळल्यावर लगेच नवीन मॉनिटर घ्यायला आम्ही धावलो नाही. आधी जे फुकटात होतं ते केलं. पडद्यावर कोरं पांढरं पान उघडलं, बाजूला खोलीच्या उजेडात एक कोरा कागद धरला आणि दोन्ही सारखे उजळ दिसेपर्यंत पडद्याचा उजेड कमी केला. भाचीला पहिले दोन दिवस पडदा मरगळलेला वाटला, तिसऱ्या दिवशी सवय झाली. रात्री पडदा पिवळा करणारी नाइट लाइटची सोय बंद केली. ‘व्हिव्हिड’, ‘आय केअर’ असल्या सगळ्या करामती बंद केल्या. टेबल खिडकीसमोर होतं, ते फिरवलं आणि खिडकीला जाड पडदा लावला. आपल्या मे महिन्यात पारा ४४ अंशांवर जातो, तेव्हा ऊन थोपवायला तो पडदा तसाही हवाच होता. टेबलामागची भिंत गडद पोपटी होती. तो रंग डोळ्यांवर आणि पडद्यावर पडतो, म्हणून तेवढी एक भिंत फिकट राखाडी करून घेतली. चेहरे काळे येणं एवढ्यानेच बरंच कमी झालं.

पण जो रंग पडदा दाखवतच नाही, तो उजेड कमी करून दिसणार कसा? मॉनिटर घ्यावाच लागणार होता. भाचीने भिशीचे २५ हजार जपून ठेवले होते. आता सल्ले सुरू झाले. एक नातेवाईक म्हणाले, ३२ इंची टीव्हीच लावा, स्वस्तात मोठा पडदा होतो. शेजारच्या मुलाने गेमिंगचा वळणदार मॉनिटर सुचवला. एका फोटोग्राफरने सांगितलं, घ्यायचाच तर ॲडोबी आरजीबीवाला घ्या, नाहीतर पैसे वाया. आम्ही प्रत्येक सल्ला तपासून पाहिला.

टीव्ही लांबून बघायला आणि झगमगीत दिसायला बनवतात. जवळ बसून रंग जुळवायचं काम त्यावर जमत नाही. शिवाय संगणक एचडीएमआय वायरने जोडला की कधीकधी तो समोरचा पडदा टीव्ही समजतो आणि काळ्या-पांढऱ्याची टोकं कापून पाठवतो. गेमिंगच्या मॉनिटरमध्ये सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलण्याची किंमत मोजावी लागते. स्थिर फोटोला त्याचा काडीचा उपयोग नाही. पडदा वळणदार असला की अल्बमच्या पानाच्या सरळ रेषा सरळ आहेत की नाहीत हेही नीट कळत नाही.

राहिला ॲडोबी आरजीबीचा सल्ला. तो चुकीचा नव्हता, पण आमच्या कामाचा नव्हता. हे माप १९९८ सालचं आणि एसआरजीबीपेक्षा मोठं. मात्र ते मोठं आहे हिरव्या आणि निळसर-हिरव्या रंगांकडे. लाल आणि निळ्याचं टोक दोन्ही मापांत एकच आहे. म्हणजे आमचं दुखणं नवरीच्या लाल जोड्याचं आणि औषध हिरव्या रंगाचं! शिवाय आमची लॅब एसआरजीबीच घेते. घरात चांगला इंकजेट प्रिंटर ठेवून जंगलाची, पाण्याची चित्रं मोठ्या आकारात स्वतः छापणाऱ्याला ॲडोबी आरजीबीचा खरा फायदा होतो. नीट मांडणी केली नाही, तर मोठ्या आवाक्याच्या पडद्यावर साधे फोटो उलट भडक दिसतात, आणि भडक दिसले की आपण रंग कमी करतो. म्हणजे पुन्हा चूक, फक्त उलट्या बाजूने.

मग घ्यायचा कसा? आम्ही एका कागदावर लिहून काढलं. पॅनल आयपीएसचं हवं. टीएन पॅनलवर मान वर-खाली केली की रंग बदलतो. लॅपटॉपचा पडदा थोडा मागे केला की चेहरा उजळतो, पुढे केला की काळवंडतो, ते यामुळेच. व्हीए पॅनलचा काळा रंग छान असतो, पण बाजूने पाहिलं की सावल्यांचा रंग हलतो. आयपीएस या बाबतीत सर्वांत भरवशाचं. दुसरं, एसआरजीबीचे ९९ ते १०० टक्के रंग. तिसरं, कारखान्यात तपासल्याचा कागद आणि त्यावर ‘डेल्टा ई’ दोनच्या आत. डेल्टा ई म्हणजे हवा तो रंग आणि दिसतो तो रंग यांतलं अंतर. एकच्या आसपासचा फरक डोळ्याला जेमतेम कळतो. चौथं, काच चकचकीत नको, मॅट हवी, नाहीतर आपलाच चेहरा त्यात दिसतो.

आकाराचाही हिशोब केला. २४ इंची फुल एचडी पडद्यावर एका इंचात सुमारे ९२ ठिपके येतात, तर २७ इंची आणि २५६० बाय १४४० ठिपक्यांच्या पडद्यावर सुमारे १०९. फुल एचडीच ठेवून २७ इंच घेतलं तर ठिपके मोठे होतात, चित्र फिसकटल्यासारखं वाटतं. बारा बाय छत्तीसचं शीट ३०० डीपीआयने छापायचं, तर ते १०,८०० बाय ३,६०० ठिपक्यांचं होतं. ते पूर्ण तर कुठल्याच परवडणाऱ्या पडद्यावर मावत नाही. मग मोठ्या पडद्यासाठी रंगाचे पैसे का कापायचे? २४ इंच ठरलं.

आसुसचे प्रोआर्ट, डेलचे अल्ट्राशार्प, बेनक्यूचे फोटोसाठीचे मॉनिटर ही नावं या कामात पुन्हा पुन्हा ऐकू येतात. आयझोचे कलरएज त्याही वरचे, आणि किमतीनेही फार वरचे. आम्ही कोणत्याही एका नावाची शिफारस करत नाही. एकाच कंपनीत कामाचे आणि बिनकामाचे दोन्ही मॉनिटर मिळतात, म्हणून वर लिहिलेल्या चार ओळी पाहून घ्या.

म्हणायला जगात जर्मनी, भारतात परभणी, पण आम्हाला हवा तसा मॉनिटर चालू करून दाखवणारं दुकान शेवटी नांदेडला मिळालं. पूर्णेमार्गे गाडीने गेलो. भाचीने पेनड्राइव्हमध्ये चार चित्रं नेली होती: काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत जाणारी राखाडी पट्टी, तो पांढरा कुर्ता, तो लाल जोडा आणि सावलीत उभ्या असलेल्या बायकांचा एक फोटो. दुकानदाराला मॉनिटर एसआरजीबी मोडवर ठेवायला सांगितलं. राखाडी पट्टीत कुठे गुलाबी किंवा हिरवी झाक येते का, मधेच पायऱ्या पडतात का, हे पाहिलं. पूर्ण पांढरं पान उघडून चारही कोपरे पाहिले. पूर्ण काळं पान उघडून कोपऱ्यांतून उजेड गळतो का ते पाहिलं. उभं राहून, बसून, डावीकडून, उजवीकडून पाहिलं. पहिल्या मॉनिटरचा एक कोपरा पिवळट होता, तो सोडला. दुसरा घेतला. जोड्याचा फोटो त्यावर उघडला तेव्हा भाची काही बोलली नाही. आपण फाइलमध्ये काय करून ठेवलं होतं, ते तिला पहिल्यांदा दिसत होतं.

आणखी एक खर्च लोक टाळतात. आम्ही तो टाळला नाही. तो कॅलिब्रेटरचा. हे मुठीएवढं यंत्र पडद्यावर टेकवून ठेवायचं. संगणक एकेक रंग दाखवतो, यंत्र तो मोजतो आणि शेवटी त्या पडद्याचा प्रोफाइल तयार होतो, म्हणजे पडदा कुठे किती चुकतो याची नोंद. फोटोशॉप ती नोंद वाचून रंग दुरुस्त करून दाखवतं. सगळ्या यंत्रांत हे प्रोफाइल एकाच पद्धतीने चालावेत म्हणून १९९३ मध्ये आंतरराष्ट्रीय कलर कन्सॉर्शियम स्थापन झालं. त्यावरूनच याला आयसीसी प्रोफाइल म्हणतात. डेटाकलरचे स्पायडर आणि कॅलिब्राइटचे कॅलिब्रेटर आपल्याकडे मिळतात. मॉनिटर अर्धा तास चालू ठेवून मगच मोजायचं. मोजताना पांढरा ६५०० केल्विन, गॅमा २.२ आणि उजेड १०० निट्सच्या आसपास ठेवायचा. काम पंधरा-वीस मिनिटांचं, पण महिन्यातून एकदा करायचं, कारण पडदा जसा जुना होतो तसा त्याचा रंग सरकतो.

महिन्यात वीस मिनिटं लागणारं यंत्र एका घराने का विकत घ्यावं? भाची, तिच्याच कामातली तिची एक मैत्रीण आणि तिला काम देणारा फोटोग्राफर, अशा तिघांनी ते मिळून घेतलं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ते एका घरून दुसऱ्या घरी जातं. फायदा असा झाला की आता तिघांच्या पडद्यांवर एकच फोटो जवळपास सारखा दिसतो आणि ‘माझ्याकडे तर वेगळा दिसत होता’ हा वाद संपला. मॉनिटर आणि यंत्राचा तिसरा वाटा मिळून २५ हजारांच्या आत बसलं. विजेचा भरवसा नाही, म्हणून उरलेल्या पैशांत घरच्या जुन्या यूपीएसची बॅटरी बदलली.

एवढं करूनही पडदा आणि कागद शंभर टक्के जुळत नाहीत, हे वाचकांना सांगायलाच हवं. उजेड देणारी वस्तू आणि उजेड परत फेकणारी वस्तू कधी एक होणार नाहीत. म्हणून दोन सवयी लावून घ्याव्यात. लॅबकडे त्यांच्या कागदाचा आयसीसी प्रोफाइल मागा. तो फोटोशॉपमध्ये लावला की कागदावर साधारण काय उतरेल ते आधीच पाहता येतं. आणि पूर्ण अल्बम पाठवण्याआधी एक नमुना छापून घ्या. एकाच शीटवर आठ-दहा महत्त्वाचे फोटो लहान करून मांडा: जोडा, मेहंदीचे हात, पांढरे कपडे, रात्रीचा शादीखाना, घरातल्या वडीलधाऱ्यांचे चेहरे. आमच्या लहानपणीचे स्टुडिओवाले अंधाऱ्या खोलीत आधी कागदाची एक पट्टी भिजवून पाहायचे आणि मगच पूर्ण फोटो काढायचे. तीच ही पट्टी. एका शीटच्या खर्चात २९ शीटं वाचतात. नमुना पाहायचा तो दिवसा, खिडकीजवळ, पण थेट उन्हात नाही. पिवळ्या दिव्याखाली पाहिलात तर पांढरा कुर्ता पुन्हा पिवळाच दिसेल, आणि आपण उगाच त्याला निळा करत बसू.

गिऱ्हाइकाला मोबाइलवर फोटो पाठवतानाही एवढं सांगून ठेवावं की अल्बम मोबाइलइतका झगमगणार नाही. मोबाइलचे पडदे मुद्दाम भडक असतात. आधी सांगितलं तर ती माहिती असते, अल्बम दिल्यावर सांगितलं तर तो बहाणा वाटतो.

भाचीने तो अल्बम नव्याने केला. रंग वाढवलेल्या फाइली टाकून दिल्या आणि कॅमेऱ्यातल्या मूळ फोटोंपासून सुरुवात केली. आधी नमुना काढला, त्यात चेहरे किंचित गडद वाटले, ते उजळले आणि मग ३० शीटं छापली. पैसे तिने स्वतः भरले. आम्ही अर्धे देऊ केले, तर म्हणाली, ‘मामू, चूक माझ्या टेबलावर झाली होती.’

अल्बम द्यायला ती आणि आमच्या घरातल्या, म्हणजे तिच्या मुमानी, दोघी गेल्या. मुलगी तोवर हैदराबादला सासरी गेली होती. तिच्या अम्मीने पानं सावकाश उलटली. खड्या दुपट्ट्याच्या पानावर थांबल्या, आत गेल्या आणि पेटीतून मुलीच्या ब्लाउजच्या कापडाचा उरलेला तुकडा घेऊन आल्या. तो फोटोवर ठेवला, खिडकीकडे नेऊन पाहिला. रंग अगदी तोच नव्हता, पण जर मोजता येत होती. त्यांनी तुकडा त्याच पानात ठेवून अल्बम मिटला आणि आपल्या धाकट्या दिराच्या मुलीचं लग्न कोणत्या महिन्यात आहे ते सांगितलं.

किराणा दुकानदार आपल्या काट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का मारून घेतो. काटा खोटा असेल तर त्याची नियत कितीही चांगली असली तरी गिऱ्हाइकाला माप कमीच जातं. रंगाचं काम करणाऱ्याचा काटा म्हणजे त्याचा पडदा. त्याला शिक्का मारणारं कोणतं खातं नाही, तो आपल्यालाच तपासून घ्यावा लागतो. भाचीने आता टेबलासमोरच्या राखाडी भिंतीवर एक कॅलेंडर लावलं आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारवर त्यात लाल खूण आहे.